गाडीचं ब्लडप्रेशर

इन्सुलीच्या चढाच्या पायथ्याशी त्या सोमवारी शे-दीडशे माणसं गोळा झाली होती, आणि सगळ्यांचे डोळे एका निळ्या डिझेल पिकअपच्या मागच्या नळीवर खिळले होते.

"सोड! सोड म्हणतो ना! दर्याचा जीव दर्यात जा!" चिमटेमहाराज गर्जत होते. कमरेला भगवी लुंगी, अंगाला राख, एका हातात धुमसणारं धुपाटणं आणि दुसऱ्या हातात दीड हात लांबीचा लोखंडी चिमटा. त्या चिमट्यावरूनच त्यांचं नाव पडलं होतं. गाडीच्या मागे धुपाचा इतका दाट लोट उठला होता, की महाराज त्यात गळ्यापर्यंत बुडाले होते. नुसता चिमट्याचा खणखणाट ऐकू येत होता.

"ड्रायव्हर, रेस दे!"

बाबलीनं घाबरतच ॲक्सिलरेटर दाबला. गाडी घुसमटली, खोकली, आणि एकाएकी तिच्या नळीतून काळ्याकुट्ट काजळीचा भपकारा बाहेर पडला.

"गेला! तो बघा गेला!"

लोकांनी जयजयकार केला. मग सगळे पुढे धावले. रस्त्यावर सांडलेली काजळी बोटांनी उचलून कपाळाला फासू लागले. एका बाईनं काळं झालेलं बोट कडेवरच्या पोराच्या जिभेवर टेकवलं. पोरानं तोंड वाकडं केलं, तर आईनं त्याचा जबडा दाबून धरला. "गिळ रे, प्रसाद आसा."

दाजी खोबरेकरांनी शिसारीनं तोंड फिरवलं. ते फणसाच्या झाडाखाली बसले होते आणि त्यांच्या मांडीवर त्यांच्या भाचीचं, तुळसाचं डोकं होतं. तिचे केस सुटलेले होते आणि दोन्ही दंडांवर चिंचेच्या फोकाचे लाल वळ उठले होते. अर्ध्या तासापूर्वीच ती गाडीच्या मागल्या भागात, माशांच्या पेट्यांमध्ये बेशुद्ध सापडली होती. बाहेर काढल्यावर ती असंबद्ध बडबडू लागली, आणि महाराजांनी ताबडतोब निकाल दिला होता की हे भूत बोलतंय. मग फोक. मग मिरच्यांची धुरी. दाजी मध्ये पडायला गेले, तेव्हा चौघांनी त्यांना धरून ठेवलं. त्यातला एक तुळसाचा नवरा, बाबलीच होता.

"ऐका!" महाराजांनी चिमटा वर केला. "या पोरीचा सासरा दोन वर्षांपूर्वी दर्यात बुडाला. देह मिळाला नाही. बरोबर?"

"बरोबर, महाराज," तुळसाची सासू चंद्रावती हात जोडून म्हणाली. सगळ्या तारकर्लीला ठाऊक असलेली गोष्ट महाराजांनी ओळखली म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"समुद्राची वाफ होते. वाफेचं डिझेल होतं. डिझेलबरोबर बुडालेला जीव इंजिनात शिरतो. शास्त्र आहे हे! इंजिनाला सिलिंडर किती? चार. चार दिशांचे चार. मग पाचव्या जीवानं राहायचं कुठं? तो या पोरीत शिरतो. गाडीतला मी आज काढला. पोरीतला एवढ्यात निघणार नाही. येत्या सोमवारी सोमवती अमावास्या. तिला माझ्या मठीत आणून सोडायचं. एकवीस दिवस. एकटी. नवऱ्यानंसुद्धा इकडे फिरकायचं नाही."

दाजींनी तीस वर्षं डिझेल इंजिनांत हात काळे केले होते. समुद्राच्या वाफेचं डिझेल होतं, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळलं. एरवी ते हसले असते. पण एकवीस दिवस, एकटी, हे शब्द ऐकून त्यांना हसू येईना. महाराज ते बोलताना तुळसाकडे ज्या नजरेनं बघत होते, ती नजर बघून त्यांना अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

"चंद्रावती, ह्या चेडवाक हयसर सोडूचा नाय," तुळसाच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले. "आधी डॉक्टरकडे नेऊया."

चंद्रावती त्यांच्याकडे वळली. ती वाईट बाई नव्हती. नवरा गेल्यावर रापणीच्या जाळ्यातले मासे डोक्यावरून वाहून तिनं घर चालवलं होतं आणि मग ही गाडी उभी केली होती. दर सोमवारी तारकर्लीचे मासे घेऊन गाडी बांद्याच्या बाजाराला जायची. पण गेले तीन महिने ती याच चढावर बंद पडत होती. तारकर्लीपासून सावंतवाडीपर्यंत सुतासारखी सरळ यायची, आणि इथे चढाला लागली की मान टाकायची. महाराज धूप घालून ती चालू करेपर्यंत बाजार हुकायचा, मासे सडायचे.

"दाजीनू," ती म्हणाली, "तुमी दोन फावट इंजिन खोललात. तुमका काय गावला?"

दाजींनी तुळसाचे सुटलेले केस गोळा केले.

"काय गावूक नाय. महाराजांनी मात्र घटकाभरात गाडी चालू केल्यानी. मगे मी कोणाचा ऐकूचा?"

ती खरंच बोलत होती. आणि जी शिसारी त्यांना त्या काजळी चाटणाऱ्या माणसांची आली होती, ती आता थोडी स्वतःचीही वाटू लागली. मालवणच्या धक्क्याजवळ त्यांचं वर्कशॉप होतं. मच्छीमार लाँचची इंजिनं आवाजावरून ओळखणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. आणि त्याच माणसानं दोनदा ही गाडी खोलून, नोझल साफ करून, पंप तपासून, "इंजिनात काय नाय" असं सांगून परत पाठवली होती. इंजिनात काही नाही म्हटल्यावर लोकांनी भूत शोधलं.

तुळसाला मात्र ते त्याच दिवशी एस.टी.नं मालवणला घेऊन आले. "सोमवारी परत हाडून देतंय," असा शब्द द्यावा लागला, तेव्हा चंद्रावतीनं तिला सोडलं.

डॉक्टर शुभदा सामंतांचा दवाखाना मालवणच्या भरड नावाच्या भागात होता. बाईंनी तुळसाचे वळ बघितले आणि त्यांची नोंद लिहून घेतली. मग औषध लावता लावता विचारलं, "हे कुणी केलं?"

"देवमाणसान," दाजी म्हणाले.

बाईंनी तुळसाचे डोळे बघितले, नाडी बघितली, छाती तपासली. "डोकं कधी दुखतं गं तुझं?"

"गाडयेत बसलंय काय," तुळसा हळू आवाजात म्हणाली. "आधी डोक्या ठणकता, मगे ओकारी येता, मगे काय समजना नाय. उतरलंय काय घंट्याभरान बरा वाटता."

"घरी कधी?"

"घराकडे कधीच नाय."

"गाडीत पुढे बसतेस की मागे?"

"मागे. माशांवांगडा. ऊन लागाक नको म्हणान ताडपत्री बांदतत."

शुभदाबाई दाजींकडे वळल्या. "सासऱ्याचं भूत असतं, तर ते सासऱ्याच्या घरी आलं नसतं का? दाजी, ही पोर धूर पितेय. डिझेल नीट जळलं नाही की विषारी वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस आधी बडबडतो, मग पडतो. ताडपत्रीच्या आत आणखी अर्धा तास राहिली असती, तर मार खायलासुद्धा उठली नसती."

 दाजींना गाडीखालचा एक सांधा आठवला. इंजिनाकडून येणारी नळी सायलेन्सरला जिथे जोडलेली असते, तो सांधा, मागल्या फळ्यांच्या बरोबर खाली. दोन्ही वेळा तो सैल झालेला त्यांना दिसला होता. फळ्यांची खालची बाजू काजळीनं काळी झालेली होती. दोन्ही वेळा त्यांनी बोल्ट आवळले होते. रस्ते खराब, हादऱ्यानं सुटला असेल, असं समजून. तो सुटतो का, हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

"बाई, इंजिन म्हणजे काय, श्वास घेतं आणि सोडतं," ते सावकाश म्हणाले. स्वतःशीच बोलावं तसं. "घेण्याची वाट मी दोन वेळा तपासली. सोडण्याची नाही. धुराला बाहेर पडायला जागा नसेल, तर तो मागे दाबतो. सांधा फोडतो. इंजिनात ताजी हवा शिरू देत नाही. सपाटीवर चालून जाईल, पण चढावर धूर जास्त, तिथे कोंडणार."

"मग नळी तुंबली असेल."

"तीच तर गंमत. गाडी माझ्याकडे येते, तेव्हा तुंबलेली नसते. म्हणजे कुठेतरी वाटेत तुंबते आणि वाटेतच मोकळी होते." त्यांची नजर टेबलावरच्या ब्लडप्रेशरच्या यंत्रावर गेली. "चालत्या गाडीत तो दाब बघता आला पाहिजे."

बाईंनी त्यांची नजर पकडली. कपाटातून त्यांनी एक जुनं घड्याळी यंत्र काढलं, हातात मावणारं, गोल काचेचं. "हाताला बांधायची पिशवी फाटली आहे. काटा मात्र चोख आहे. तीनशेपर्यंत दाखवतो. पण तुमच्या गाडीचा धूर गरम असतो ना?"

"तांब्याची नळी वेटोळं करून घालीन. काट्यापर्यंत येईस्तो निवेल."

मंगळवारी बाबली गाडी घेऊन मालवणला आला. तुळसाची विचारपूस करायला आलो म्हणाला, पण तिच्याकडे वर बघेना. दाजींनी त्याला काही ऐकवलं नाही. गाडीखाली शिरून त्यांनी सायलेन्सरच्या अलीकडे नळीला बारीक भोक पाडलं, तिथे नट जोडला, तांब्याच्या नळीचं वेटोळं घातलं, त्याला रबरी नळी लावून ती कॅबिनमध्ये आणली आणि शुभदाबाईंचं यंत्र समोरच्या फळीवर बसवलं. सांधा नवं पॅकिंग घालून घट्ट केला.

"ह्या काय, मामा?"

"तुझ्या गाडयेचा ब्लडप्रेशर. माणसाचा बगतत तसाच. इंजिन धूर सोडताना किती जोर लावता, ता हो काटो सांगतलो."

बर्फाच्या लाद्या भरून गाडी जड केली आणि तुळसासह तिघं कुंभारमाठच्या चढणीवर गेले. सपाटीवर काटा वीसच्या आसपास थरथरत होता. चढाला, तिसऱ्या गिअरात, पूर्ण जोर लावल्यावर तो पन्नासपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. गाडी न कुरकुरता वर चढली. दाजींनी पन्नासवर काचेला लाल रंगाची रेघ ओढली.

"निरोगी गाडयेचो आकडो हो," ते म्हणाले. "चढ इन्सुलीचो असो नायतर कुंभारमाठचो, गाडी तीच, वजन ताच, तर काटो हयसरच रवाक होयो. रवलो नाय, तर कोणीतरी कायतरी केल्यान." मग ते तुळसाकडे वळले. "सोमवारी तू पुढे बसतलंस. काट्यार नजर तुझी."

तुळसा यंत्राकडे बघत राहिली. "आणि काटो हललोच नाय तर?"

दाजी खोटं बोलू शकले असते. "तर मी चुकलंय," ते म्हणाले. "पण तुका मठीत ठेवूचंय नाय, काय वाट्टेल ता झाला तरी."

सोमवती अमावास्येला गाडी निघाली. पुढे बाबली, मध्ये तुळसा, कडेला दाजी. मागे चंद्रावती माशांच्या पेट्यांवर बसली होती, आणि तिच्या मांडीवर तुळसाच्या कपड्यांचं बोचकं होतं, एकवीस दिवसांचं. ताडपत्री दाजींनी दोन्ही बाजूंनी उघडी ठेवायला लावली होती.

कुडाळच्या चढउतारांवर काटा पस्तीस-चाळीस. सावंतवाडीच्या बाहेर पंचेचाळीस. तुळसा दर वेळी आकडा मोठ्यानं म्हणत होती. सुरुवातीला तिचा आवाज कापत होता, मग कापायचा थांबला.

इन्सुलीच्या पायथ्याशी महादूचं चहाचं दुकान होतं आणि शेजारी महाराजांची मठी. दर सोमवारी गाडी इथे थांबायची. माणसं चहा प्यायची, आणि महादू तोवर भक्तिभावानं गाडीच्या चाकांवर महाराजांचं तीर्थ शिंपडायचा. आज तर मांडवच घातला होता. माणसं गेल्या वेळच्या दुप्पट. एका पोरीला भुतासकट मठीत सोडतात हे बघायला कुणी माडखोलहून आलं होतं, कुणी थेट दोडामार्गहून.

दाजी चहाच्या दुकानात शिरले आणि गाडीकडे पाठ करून बसले. त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम तेच होतं. मागे पावलांचा आवाज झाला, तीर्थाचा शिपका ऐकू आला, आणि मग लोखंडावर लोखंड घासल्यासारखा अगदी बारीक आवाज.  पण ते वळले नाहीत. चहा संपवला, तोही सगळा.

महाराज बाहेर आले. "मंडळी, कुणाला शंका असेल तर आत्ताच फिटू दे! पोरीला गाडीत बसवा आणि गाडी चढाला लावा. गाडी चढली, तर पोर घरी न्या. थांबली, तर ती माझी!"

"ती माझी" म्हणताना त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. दाजींनी ते बघितलं आणि मुकाट्यानं कॅबिनमध्ये चढले.

बाबलीनं स्टार्टर मारला. गाडी अजून जागेवरून हललीही नव्हती, आणि काटा चाळीसवर जाऊन बसला.

"मामा," तुळसा म्हणाली, "मगाशी हयसर थांबलेलो, तेवा दहा होतो."

"वाचत रव."

गाडी चढाला लागली. "ऐंशी," तुळसा म्हणाली. "शंभर. एकशेतीस." इंजिनाचा आवाज जाड झाला. खालून फुस्स आवाज करत सांधा फुटला आणि जळकट वास आला. "एकशेसाठ. मामा, एकशेऐंशी!" आणि शंभर पावलांवर गाडीनं आचका दिला आणि बंद पडली.

बाबलीनं काट्याकडे बघितलं. मग लाल रेघेकडे.  खाली लोकांनी जल्लोष केला आणि सगळा जमाव चढावरून धावत आला.

दाजी उतरून गाडीच्या मागे उभे राहिले, नळीसमोर, हात पसरून.

"बाजूला हो!" महाराज धुपाटणं हलवत आले. "भूत काढायची वेळ झाली."

"काढा ना," दाजी म्हणाले. "पण फुडल्या बाजून काढा."

"काय?"

"तुमचा मंत्र गाडीच्या बुडालाच ऐकू जातो, तोंडाला नाही, असं आहे का? भूत इंजिनात आहे म्हणता. इंजिन पुढे आहे. बाबली गाडी चालू करून देतो. तुम्ही पुढे उभे राहून काय हवं ते करा. मागे कोणी यायचं नाही. धूर करायचा नाही. आणि हा महादू माझ्याजवळ इथे उभा राहील."

महादूचा चेहरा उतरला. गर्दीत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "बरोबर आसा, फुडसून काढू दे की!" माणसांना चमत्कार बघायचा होता, तो कुठल्या बाजूनं होतो याच्याशी त्यांचं काही अडत नव्हतं.

महाराजांचा नाइलाज झाला. ते गाडीपुढे उभे राहिले. मंत्र म्हटले, बॉनेटवर चिमटा आपटला, नारळ फोडला, कोंबड्याचं रक्त उडवलं. काचेवर लाल ओघळ आले. इंजिन रेस केलं, की आतून तुळसाचा आवाज येई. "दीडशे." पुन्हा मंत्र. "दीडशे." पुन्हा नारळ. "दीडशेच आसा, महाराज."

शेवटच्या वेळी कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी.

"पाखंडी लोकांच्या समोर दैवत येत नाही!" महाराज ओरडले.

"मगे आमी करून बगू," असं म्हणत तुळसा खाली उतरली. तिनं सरळ जाऊन महाराजांच्या हातातला चिमटा ओढून घेतला. महाराज इतके चकित झाले की त्यांना मूठ आवळायचंही सुचलं नाही. ती मागे आली. दाजींनी बोटानं नळी दाखवली आणि बाजूला झाले.

चिमट्याची टोकं आत वळवलेली होती, हे तेव्हा सगळ्यांना नीट दिसलं. ती दोन टोकं नळीत वीतभर आत गेली आणि कशात तरी अडकली. तुळसानं चिमटा दाबला आणि खेचला. खणकन आवाज करत एक लोखंडी बूच रस्त्यावर पडलं, आणि त्याच्या मागोमाग काजळीचा तोच काळा भपकारा आला, गेल्या सोमवारी ज्याला लोकांनी भूत म्हटलं होतं.

"बाबली, काटो?" दाजींनी विचारलं.

"पंधरा!" आतून बाबली ओरडला. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

बूच निवल्यावर दाजींनी ते हातावर घेऊन सगळ्यांसमोर फिरवलं. पेल्याच्या तळाएवढं. मधोमध करंगळी जाईल एवढं भोक. कडेला छत्रीच्या खटक्यासारख्या दोन पोलादी पट्ट्या, नळीच्या आत घट्ट रुतून बसणाऱ्या.

"नीट बगा," ते म्हणाले. "भोक कित्याक ठेवल्यानी? नळी पुरी बंद केली तर गाडी चालूच होवची नाय, आणि लोक लगेच मागे बगतले. भोकातून थोडो धूर येत रवता, म्हणान कोणाक संशय नाय. सपाटीर गाडी चलता. चढार धूर वाढता, भोकातून मावणा नाय, आणि इंजिनाचो गळो दाबता. महादू चाय पिताना हे आत घालता. महाराज धुपाच्या धुरात चिमट्यान काढतत. आणि ह्या चेडवाच्या अंगात इला तो कोण, माहीत आसा? कोंडलेलो धूर. एकदा सांधो फुटलो काय धूर सगळ्या वाटेर फळयेतून वर येय आणि ताडपत्रीत साठान रव्हय. तुमी जिका फोकान मारलास, ती विष पिऊन पडलेली होती."

 चार तरुण पोरं धावत खाली महादूच्या दुकानात गेली आणि साखरेच्या पत्र्याच्या डब्यातून आणखी पाच बुचं घेऊन आली. लहान-मोठी. जीपच्या मापाचं, ट्रकच्या मापाचं. एक तर एस.टी.च्या मापाचं.

ती बुचं बघितली आणि जमाव उसळला. ज्यांच्या कपाळावर आठवड्यापूर्वी काजळी होती, तेच आता महाराजांच्या जटा धरून त्यांना ओढू लागले. कुणी तोच चिंचेचा फोक उचलला. महाराज, म्हणजे आता महाराज कसला, एक घामाघूम झालेला लठ्ठ माणूस, हात जोडून "मारू नका, पोटासाठी केलं" असं भेकत होता.

"थांबा!" दाजी मध्ये घुसले. "हात लावू नका. गेल्या सोमवारी ह्याच हातांनी चेडवाक धरलास, आज हेका. तेवा इचार केलास नाय, आजय करणास नाय. पोलीस चौकीर न्या. बुचां वांगडा न्या."

त्यांचा आवाज चढला होता, पण त्यात विजय नव्हता. त्यांना नुसती किळस आली होती, त्या घामाची, त्या कोंबड्याच्या रक्ताची, त्या उचललेल्या फोकाची. एवढ्यात एक म्हातारा त्यांच्या बाजूला सरकला आणि हळूच म्हणाला, "दाजीनू, ह्यातला एक बूच माका मेळात काय? देवारात ठेवतलंय. महाराजांचो हात लागलेलो आसा."

दाजींनी त्याच्याकडे बघितलं. मग सहाही बुचं मोजून स्वतःच्या रुमालात बांधली.

महाराज आणि महादू यांना बांद्याच्या पोलिसांनी नेलं. दाजींनी, बाबलीनं आणि शुभदाबाईंनी जबान्या दिल्या. बाईंनी तर वळांची नोंद आधीच लिहून ठेवली होती. दोघांना शिक्षा झाली, फार नाही, पण झाली. मठी बंद पडली, ती पुन्हा उघडली नाही.

पण हे नंतरचं. त्या दिवशी दाजींनी सांधा तात्पुरता आवळला, गाडी चढ चढून गेली आणि बांद्याच्या बाजारात पोचली. चंद्रावतीनं पेट्या उतरवल्या. तुळसाचं बोचकं तिनं अजून काखेत धरलं होतं.

"तुळसा," ती म्हणाली, "घराक चल गो. माझा चुकला."

"येतलंय," तुळसा म्हणाली. "पण आज नाय. म्हयनोभर मामाकडे रवतलंय. बाबलीन मामाक धरून ठेवलेला, ता माका इसराक होयां." तिनं बोचकं सासूच्या काखेतून काढून घेतलं. बाबली पेटी हातात घेऊन तसाच उभा होता. त्यानं मान खाली घातली, पण बाजूला झाला नाही, तिथेच उभा राहिला.

एव्हाना बाजारात बातमी पोचली होती. मासे विकणाऱ्या बायका भोवती जमल्या. त्यातली थोरली गंगू तुळसाचे दंड बघून चुकचुकली. "मगे गो, भूत नव्हताच म्हणतस?"

तुळसानं भोवती बघितलं. समोर तिच्यासारख्याच बायका होत्या. पहाटेपासून ताडपत्रीखाली, धुरात, उपाशी पोटी प्रवास करून आलेल्या. त्यांतल्या दोघी गेल्या सोमवारी त्या गर्दीत होत्या. तिनं त्यांना ओळखलं.

"नव्हता," ती म्हणाली. "डोक्या ठणकला, चक्कर इली, तर गाडयेतून खाली उतरा आणि दवाखान्यात जावा. गाडी थांबली तर गाडी तपासा, बायल तपासू नका. आणि कोणी म्हणात हिच्यात भूत आसा, तर तेका उजेडात उभो करा आणि सांगा, दाखव. धूर करू नको, पाठ फिरवूक सांगू नको, आमच्या डोळ्यांफुडे दाखव. तेका राग येयत. येवंदे. जो खरो आसा, तेका इचारल्याचो राग येणा नाय."

तिनं बोचकं खांद्यावर टाकलं आणि त्या दोघींकडे बघितलं.

"तुमी त्या दिवशी थंय होतास. माका मारीत होते, आणि तुमी बघीत होतास. फुडल्या वेळी नुसत्या बघीत रवू नका. कित्याक मारतास, येवढाच एकान जरी मोठ्यान इचारला, तरी फोक खाली पडता."